वरून आलेलं उत्तर

अंधेरीच्या सुरक्षा-वर्गात मी लिफ्टच्या मेकॅनिकांकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्यापूर्वी खालच्याने विचारायचं, "मेन बंद?" वर मशीनरूममधल्या जोडीदाराने स्विच पाडायचा आणि "बंद" म्हणायचं. उत्तर आल्याशिवाय पाय आत टाकायचा नाही. वर्गात सगळे हसत होते. पुरुषांना मोठ्यानं बोलायची लाज वाटते, मरायची वाटत नाही.

महिन्याभराने, शिकवलेलं कामावर उतरलंय का ते बघायला मी मुलुंडच्या एका जुन्या सोसायटीत गेले. या पाहणीचा मला कंटाळाच आहे. माणसं आपल्याला बघून नाटक करतात आणि आपण फॉर्मवर टिक करून मोकळे होतो. इथला मेकॅनिक पन्नाशीचा, वर्गात मागे गप्प बसलेला. त्याने चावीने तळमजल्याचा दरवाजा उघडला, अंधारात मान घातली आणि खणखणीत विचारलं, "मेन बंद?"

"बंद." जाडसर, म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

मला इतका आनंद झाला की लगेच टिक केली. त्याने शिडीवर पाय टाकला. सहज माझी नजर दरवाजाच्या वर गेली. सातचा लाल आकडा पेटलेला होता. मेन बंद असता तर तो विझला असता.

"थांबा. वर कोण आहे?"

"कोणी नाय, मॅडम. जोडीदार दिवाळीत वारला. ऑफिस दुसरा देत नाय."

"मग उत्तर कोणी दिलं?"

"मीच देतो, त्याच्या आवाजात." तो जराही ओशाळला नाही. "उत्तराशिवाय उतरायचं नाय, तुम्हीच सांगितलंत ना. आधी वर जाऊन मेन पाडतो, मग खाली येऊन विचारतो."

"आज गेला होतात वर?"

तो आकड्याकडे बघत राहिला. पाय शिडीवरच होता. "पण उत्तर आलं ना, मॅडम."

मी त्याच्या शेजारी उभी होते, तरी तो आवाज मला वरूनच आल्यासारखा वाटला होता.

त्याला बाहेर ओढलं, "मी ओरडेपर्यंत हलायचं नाही" म्हणून बजावलं आणि धापा टाकत सगळे जिने चढले. मशीनरूमचं दार ढकलते तोच खालून प्रश्न आला, "मेन बंद?"

मी तोंड उघडायच्या आत, अगदी माझ्या कानाशी असल्यासारखा, तोच म्हातारा आवाज म्हणाला, "बंद."

माझा हात अजून स्विचपर्यंत पोचला नव्हता. झडप घालून मेन पाडला आणि घसा फुटेस्तोवर "बंद, बंद" ओरडत राहिले. खाली येऊन बघते तर तो कधीचाच खड्ड्यात उतरून ग्रीस लावत होता.