सहाव्या घोडीचा उपास

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी जळगावला जनावरांचा डॉक्टर होतो आणि नोकरी सांभाळून वरच्या पदवीसाठी प्रबंध लिहीत होतो. विषय ऐकला की लोक हसायचे. भरल्या पोटी आणि उपाशी पोटी तट्टांच्या रक्तातली साखर कशी वागते, हे मला मोजायचं होतं. बायको म्हणायची, "माणसांची मोजून झाली वाटतं सगळी!" मला राग यायचा. तेव्हा मला कशाचाही राग यायचा.

काम सोपं, पण चिकाटीचं. तट्टाच्या नाकातून नळी घालून ग्लुकोजचं पाणी पोटात सोडायचं, दर अर्ध्या तासाला मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचं आणि बाटल्या बर्फाच्या थर्मासात घालून सायकलवरून प्रयोगशाळा गाठायची. तिथे रक्ताच्या अर्काला निळा रंग आणायचा. रंग जितका गडद तितकी साखर जास्त. हे एकदा चरून आलेल्या तट्टावर करायचं आणि एकदा दोन दिवस नुसत्या पाण्यावर ठेवलेल्या तट्टावर. उपाशी पोटी साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते, असं माझं म्हणणं होतं आणि ते सहा तट्टांवर सिद्ध करायचं होतं. धुळ्याच्या टांगेवाल्यांनी तीन दिली, त्यातलं एक मला चावलं. जळगावात दोन मिळाली. सहावी घोडी गावालगतच्या पिंप्राळ्याच्या एका म्हाताऱ्या टांगेवाल्याची. त्यांना सगळे नाना म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. आदल्या वर्षी त्या घोडीचा पोटशूळ मी बरा केला होता, म्हणून नाना नाही म्हणाले नाहीत.

भरल्या पोटीची तपासणी छान पार पडली. मग उपास सुरू केला. घोडीला जुंपायची नाही, पाण्याखेरीज काही द्यायचं नाही, असं मी नानांना तीनतीनदा बजावलं. संशय मात्र माझा अक्कांवर होता. ही बाई लपून मूठभर चणे चारणार आणि माझे आकडे बोंबलणार, याची मला खात्री होती. म्हणून मी घोडीच्या तोंडाला मुसकं बांधलं आणि दोन्ही दिवस भर दुपारी पहाऱ्याला गेलो.

अक्कांनी दोन्ही दुपारी मला ओट्यावर बसवून जेवू घातलं. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. त्या शेजारी बसून वाढायच्या आणि मी एक डोळा मुसक्यावर ठेवून अडीच-अडीच भाकऱ्या हाणायचो. बायका मागून जेवतात, तशा त्याही जेवत असतील, असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर तेवढाही विचार मी केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटची तपासणी. मुसकं काढलं, ग्लुकोजचं पाणी कालवून तयार ठेवलं. घोडी अक्कांशिवाय कुणाला दोर धरू देत नसे, म्हणून त्या पुढे उभ्या राहिल्या. मी पहिलं रक्त घेतलं आणि सुई काढतो तोच दोर सैल पडला. बघतो तर अक्का भिंतीला धरून खाली बसलेल्या, कपाळावर घाम, ओठ पांढरे. घोडी तिथेच त्यांचा पदर हुंगत उभी.

"काय होतंय अक्का? सकाळी काय खाल्लं?"

"घोडी उपाशी शे, मी कशी जेवसू?" त्या म्हणाल्या. "आम्हना घरमा जनावरना आधी कोनी जेवस नही."

दोन दिवस! मी नानांकडे वळलो. त्यांनी मान खाली घातली आणि मला कोपऱ्यात ओढून कानात सांगितलं, "मी टेसनवर भजी खाई लिधी. तिले सांगजो नका."

मी ग्लुकोजच्या पाण्याचा पेला भरून अक्कांपुढे धरला. त्यांनी तोंड फिरवलं. आधी घोडी. तपासणीला अजून चार तास लागणार होते. "लागू दे," त्या म्हणाल्या, "मी काय मरी जास का?" पण दोर धरायला उठल्या आणि पुन्हा भिंतीला धरून खाली बसल्या. दोन वर्षांचं काम त्या चार तासांवर अडलं होतं. मी घोडीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणि कोपऱ्यातली लसूणघासाची पेंढी उचलून एक मूठ घोडीपुढे धरली. घोडीने ती खाल्ली, तेव्हा कुठे अक्कांनी पेला तोंडाला लावला. पाचसात मिनिटांत त्यांच्या तोंडावर रंग आला. त्या रंगाकडे बघताना मला फार बरं वाटलं आणि फार लाजही वाटली.

प्रबंधातल्या तक्त्यात सहाव्या घोडीपुढे उपाशी पोटीचा रकाना कोराच राहिला. मार्गदर्शकांनी विचारलं, तेव्हा मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पाच घोड्यांवर भागव म्हणाले.

तो रकाना कोरा राहणार हे अक्कांनाही लगेच कळलं होतं. पेला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तुनं काम बिघडनं ना रे भाऊ?" मग उठून कालची भाकरी आणली, तुकडा मोडला आणि थांबल्या.

"सकायपासून तू काही खादं का?"

घरून निघताना मी दोन बशा पोहे खाल्ले होते. माझ्या प्रबंधात खोटा आकडा एकही नाही. पण त्या सकाळी मी खोटं बोललो.

"नाही अक्का," म्हटलं, "उपाशीच आहे." आणि त्यांच्या शेजारी जेवायला बसलो.