गोजरबाई चौकात उतरल्या

गोजरबाईंनी मला पहिल्याच दिवशी रडवलं. १९७१चा जानेवारी. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही रत्नागिरीहून नगरला आलो, माळीवाड्यात त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. सामान उतरतंय तोवर या घरमालकीणबाईंनी शिपी आमटी वाढली. काळ्या मसाल्याची, हरभऱ्याच्या डाळीची, वर बोटभर तर्री. आमच्याकडे आमटीत गूळ आणि नारळ पडतो. पहिल्याच घोटाला डोळ्यांतून, नाकातून पाणी. "रडा," त्या म्हणाल्या, "गाव सुटल्याचं रडू बी त्यातच उरकून घ्या." मला अस्सा राग आला.

पण राग धरू देतील तर त्या गोजरबाई कसल्या. बदलून आलेल्या बायका हुडकायच्या आणि त्यांना नगरची गोडी लावायची, हा त्यांचा उद्योगच होता. मोहरमात आम्हाला पंज्यांच्या सवाऱ्यांची मिरवणूक बघायला नेलं, चोंगे, म्हणजे गुळाच्या पोळ्या, खायला घातले. मी गर्दीत बिचकले तर म्हणाल्या, "अहो, हितं मोहरम समद्यांचं असतंय. माझा बी नवस हाय." कसला, विचारलं. "एकदा तरी भर चौकात लेझीम खेळायचं हाय."

माहेरी, सोनईला, वडिलांची तालीम होती. तिथंच त्या लेझीम शिकल्या. बाराव्या वर्षी लग्न झालं आणि सासूनं ते बंद केलं. आता वय पंचावन्न, सासू नाही, नवराही नाही, पण बायकांनी रस्त्यावर लेझीम खेळायची रीत तेव्हा नव्हतीच. म्हणून त्यांनी आम्हा आठ परगावच्या बायकांना परसात शिकवायला घेतलं. शेजारच्या तालमीचे म्हातारे दाऊद उस्ताद हलगी वाजवायला येत. माझे गुडघे महिनाभर बोंबलत होते.

गणपती आले. गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष सहादेव हा त्यांचा भाचा. त्या त्याला म्हणाल्या, "मिरवणुकीत आमी खेळनार." तो सगळ्यांसमोर हसला. "मावशे, बायका चौकात? हसं व्हईल. आपल्या पोरांचा ताफा हाय की."

"आन पोरं थकली तर?"

"आमची पोरं? थकली तर तुमी खुशाल उतरा."

विसर्जनाच्या दुपारी ताफ्याचं जेवण गोजरबाईंकडे असे, आमटी-भाकरी. आम्हीही पंगतीत होतो. एका पोरानं मला विचारलं, "वहिनी, संगती दूध देऊ का?" माझं डोकं फिरलं. आठ महिने मी काय उगीच रडले होते? वाटी तोंडाला लावून संपवली आणि दुसरी मागितली. त्यानं तिसरी घेतली. मग मीही तिसरी घेतली. झालं, कोकणी बाईपुढं नगरचं नाक खाली जातंय म्हटल्यावर अख्खी पंगत इरेला पेटली. कुणी सहा वाट्या ओरपल्या, कुणी आठ, वर भाकऱ्या कुस्करून. गोजरबाई दर वेळी बजावत होत्या, "बळंच नगा खाऊ, पोरांनो, नाचायचं हाय." ऐकतंय कोण.

चार वाजता मिरवणूक निघाली. पहिल्या डावातच पोरांची पोटं बोलायला लागली. चौक येईतो विसातले पंधरा दुकानांच्या पायऱ्यांवर पोट धरून बसले होते. गणपतीपुढचा रस्ता मोकळा, मागचं मंडळ ओरडतंय. सहादेव घाम पुसत आला.

"मावशे…"

"बोल की."

"उतरा."

आम्ही उतरलो. पहिल्या फेरीला माडीवरून कुणी टवाळ शीळ घातली. दुसऱ्या फेरीला आठही लेझमं एका ठेक्यात वाजली आणि गर्दी आपणहून मागं सरकली. तिसऱ्या फेरीला माडीवरून फुलं पडली. गोजरबाई मात्र कडेला उभ्या राहून आमचे हात सुधारत होत्या. एवढं घडवून आणलं आणि आता बाईंचे पाय जड झाले होते. दाऊद उस्तादांनी हलगी थांबवली. "गोजरबाई, पुढची जागा कुणासाठी मोकळी ठेवली? माझ्यानं काय लेझीम व्हतंय?"

त्या तरीही जागच्या हलेनात, तेव्हा मी चिडून माझं लेझीम त्यांच्या हातात कोंबलं आणि पाठीला हात लावून त्यांना पुढं सारलं. त्यांनी पदर कमरेला खोचला. गुडघ्यात वाकल्या, हात डोक्यावर गेला, आणि साखळी अशी खणखणली की सहादेवसुद्धा टाळ्या वाजवायला लागला. मी रस्त्यात उभी राहून रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

मागची मंडळं खोळंबली. पोलिसानं शिट्टी वाजवली, पुढं चला म्हणून. मग दुसऱ्यांदा वाजवली. गोजरबाई त्याच्या शिट्टीवरच ठेका धरून आणखी एक डाव खेळल्या.