स्मारकासाठी राखीव खोली

नव्वदच्या दशकात मला सरकारी खर्चाने आल्प्सच्या डोंगरांतल्या एका खेड्यात प्रशिक्षणाला पाठवलं. खेडं वांकिडीजवळच्या आमच्या गावापेक्षाही लहान. पण तिथे एक मोठा शास्त्रज्ञ जन्मला होता आणि गाव ते कुणाला विसरू देत नव्हतं. वेशीवर त्याच्या नावाची पाटी, चौकात पुतळा, आणि तो जन्मला ती खोली जशीच्या तशी जपलेली. पलंग, टेबल, लहानपणचे बूट. दाराला आडवी दोरी. त्या दोरीला हात लावून मी उभा राहिलो आणि मनातल्या मनात आमच्या घरची पुढची खोली आवरायला घेतली.

कारण आमच्या गावचा एकमेव शास्त्रज्ञ मीच. माझं संशोधन बोंडअळीवर होतं, फक्त बोंडअळी ते मनावर घेत नव्हती. पारावरची मंडळी विचारत, "मंग मरते का नाई ते?" मी सांगे, अभ्यास चालू आहे. तरी वेशीवर पाटी लागण्याइतपत आपण मोठे झालो, असं मला खरंच वाटत होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

परतल्यावर पौषात गावी गेलो. मी जन्मलो ती पुढची खोली निम्मी कापसाने भरलेली. आमच्याकडे भाव चढेपर्यंत कापूस घरातच ठेवतात आणि माणसं ओसरीत झोपतात. बाबा ढिगावर चढून कापूस पायाने दाबत होते.

"ये, तूबी तुडव," म्हणाले.

पँट दुमडून मी चढलो. तुडवता तुडवता त्या खेड्याची सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी धीर करून म्हणालो, "आपलीही ही खोली तशीच ठेवली तर?"

बाबांचे पाय थांबले नाहीत. "तो मानूस मंग गावात वापस आला व्हता का?"

"नाही. शहरात गेला, तिकडेच वारला."

"अन् मायबाप?"

"ते गावातच होते."

बाबांनी कोपऱ्यातला कापूस दाबला. मग म्हणाले, "खोली पायजे असंन तं येऊन राह्य ना इथं. कापूस आमी बाहेर ठेवू."

मला येऊन राहायचं नव्हतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं. फार लाज वाटली. उत्तर द्यायला तोंड उघडलं तर त्यात कापूस गेला, आणि खोकल्याने माझी सुटका केली.

मी निघालो तेव्हा कापूस आढ्याला टेकला होता. बाबांनी खोलीच्या दाराला आडवी दोरी बांधली होती, गोऱ्ह्याने आत तोंड घालू नये म्हणून.