पॉड ‘रनिंग’ होता, मेसेज जात नव्हता

“ताई, बिबट्या उसात शिरलाय आन् आमच्या मोबाइलवर कायबी आलं न्हाई!” पिंपरी पेंढारच्या बबनभाऊंचा फोन. दुपारचे पावणेचार. साडेचारला शाळा सुटते आणि पोरांची वाट त्याच उसाच्या कडेनं जाते.

बिबट्या कॅमेऱ्यात दिसला की आसपासच्या घरांना मेसेज पाठवणारी यंत्रणा आमची कंपनी चालवते. ती सांभाळायचं काम माझं, आळे गावातल्या माझ्या घरून.

“भाऊ, आधी शाळेत कळवा. मी इकडं बघते.”

“मी सोताच निघालो.”

आमचे प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे आपापल्या बंद डब्यात चालतात. असे डबे सांभाळणाऱ्या मशीनचा समूह म्हणजे क्लस्टर, आणि त्यातला डबा म्हणजे ढोबळमानानं पॉड. यंत्रणा ठीक आहे की नाही ते दाखवणारा डॅशबोर्ड हिरवागार होता. टर्मिनलवर कमांड दिली. मशीन सगळी ‘रेडी’. पॉड सगळे ‘रनिंग’. शेजारच्या रकान्यात मात्र मेसेजच्या पॉडपुढे रीस्टार्ट एकेचाळीस. पॉड सारखा पडत होता आणि क्लस्टर त्याला पुन्हा उभा करत होतं.

त्याचा तपशील काढला. पडण्याचं कारण: मेमरी संपली. मागचे लॉग, म्हणजे पॉडनं ठेवलेल्या नोंदी, काढल्या. दर वेळी शेवटची ओळ तीच, फोटो उघडतोय. आदल्या दिवशी नवे कॅमेरे बसले होते, फोटो चौपट मोठे. मेमरीची मर्यादा जुनीच, मीच घातलेली. एका फोटोपाशी पॉड कोसळत होता आणि मागचे सगळे मेसेज अडकले होते.

कंपनीतल्या माझ्या सरांना फोन लावला.

“डॅशबोर्ड तर हिरवा दिसतोय.”

“मेसेज जात नाहीत, सर. मेमरी वाढवायचीय.”

“चालू प्रॉडक्शन सिस्टिममधला बदल आहे. उद्याच्या मीटिंगमध्ये अप्रूव्हल घेऊ.”

“साडेचारला शाळा सुटते. आत्ता हो म्हणा, नाहीतर नकार ईमेलवर द्या.”

“मशीनवर मेमरी शिल्लक आहे?”

“बघितलं. निम्मी मोकळी आहे.”

“कर.”

मर्यादा चौपट केली. नवा पॉड उभा राहिला. पाच मिनिटं नजर हलवली नाही. रीस्टार्ट शून्य. चार वाजून बारा मिनिटांनी अडकलेले मेसेज सुटले.

“आला, ताई!” बबनभाऊ फोनवर ओरडले. “गुरुजींनी पोरं वर्गातच बसवल्यात. आमी ट्रॅक्टरनं घरोघर सोडतो.”

तो डॅशबोर्ड मीच बनवला होता. आता त्यावर रीस्टार्टचा आकडाही दिसतो. ‘चालू आहेस का’ एवढंच विचारलं तर मशीन ‘हो’ म्हणतं. कितीदा पडलास, हे मुद्दाम विचारावं लागतं.