सही करा, मोकळ्या व्हा

नोकरीतले बहुतेक गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला पंचनामा कुठल्या घराचा, हे आठवायला थांबावं लागतं. कुसगावच्या डॉक्टरबाईंच्या प्रकरणासाठी मात्र थांबावं लागत नाही. ते आठवलं की अजूनही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो.

तेव्हा मी लोणावळ्याला पोलीस निरीक्षक होतो. शनिवार-रविवारची गर्दी उतरली की सोमवारी सकाळी ठाण्यात हरवलेले मोबाइल, हॉटेलांतली भांडणं आणि घाटात घासलेल्या गाड्या जमा होतात. त्या गलक्यात लोहगडवाडीचा एक माणूस ठाणे अंमलदारांच्या टेबलावर हात आपटत होता. गडाच्या पायथ्याशी त्याचा पिठलं-भाकरीचा स्टॉल होता.

“डॉक्टरीनबाईवर केस घ्या, साहेब!”

“काय केलं त्यांनी?” अंमलदारांनी विचारलं.

“कायच करंना, हीच तर तक्रार हाय! माज्या आबाला कॅन्सर झालाय. बाईंच्या गोळीवर म्हातारा दोन घास खातो, जरा झोपतो. आन आता बाई म्हनती, मला गोळी लिहिता येत न्हाई. का, ते सांगत न्हाई. कपाट भरलंय गोळ्यांनी, डोळ्यानं बगितलंय मी!”

“मग पुण्याला ने ना.”

“पुन्याला? कुशीवर वळवलं तरी वरडतोय त्यो. तुमी या वाडीवर, तुमीच न्या उचलून!”

ती गोळी मॉर्फिनची. मावळात ती ठेवण्याची परवानगी असलेला बाईंचा दवाखाना सोडला, तर थेट पुणं गाठावं लागे. त्या वेळी मला मॉर्फिनबद्दल कायद्याच्या पुस्तकातलं तेवढंच माहीत होतं. गेल्या वर्षी माझ्या पत्नीच्या अखेरच्या महिन्यांत तीच गोळी आमच्या घरात आली. आता लिहिताना त्या माणसाचा टेबलावर आपटणारा हात मला निराळा दिसतो.

अंमलदार अदखलपात्र नोंद करून त्याला वाटेला लावणार होते. मी थांबवलं. डॉक्टरांनी चुकीचं औषध दिलं, जास्त पैसे घेतले, अशा तक्रारी मी पुष्कळ घेतल्या होत्या. कपाट भरलेलं असताना डॉक्टर औषध लिहीत नाही, ही पहिलीच. जीप काढून कुसगावला गेलो.

दवाखाना उघडा होता. साठीच्या डॉक्टरबाई पेशंट तपासत होत्या, रक्तदाब घेत होत्या आणि शेवटी म्हणत होत्या, “औषध मात्र दुसऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.” टेबलावर चिठ्ठ्यांचं पॅड नव्हतं. त्यांच्या मागच्या भिंतीवर एक चौकोन बाकीच्या रंगापेक्षा उजळ होता.

“इथं काय होतं?” मी विचारलं.

“माझं नोंदणी प्रमाणपत्र. औषध विभागाचे अधिकारी घेऊन गेले. शनिवारी दुपारी.”

मी मनात सावध झालो. शनिवारी दुपारी घाटात गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात. अशा वेळी लोणावळ्यात तपासणीला येणारा सरकारी अधिकारी मी तरी पाहिला नव्हता. शिवाय ठाण्याला कळवलेलं नव्हतं, पंच नव्हते, जप्तीची पावतीही नव्हती.

बाईंनी सगळं सांगितलं. दोघे आले होते. गळ्यात ओळखपत्रं, हातात फाइल. म्हणाले, तुमच्या नावाच्या चिठ्ठ्यांवर मुंबईत नशेच्या गोळ्या विकल्या गेल्यात. एक तर पेशंटांसमोर अटक होईल, नाहीतर ‘औषधं लिहिण्यात माझ्याकडून अनियमितता झाल्याने मी स्वखुशीने नोंदणी सोडत आहे’ असं लिहून द्या. सही करा, मोकळ्या व्हा.

“वकिलांना विचारलंत?”

“वकील कशाला? मी काही केलंच नव्हतं.”

हे वाक्य मी नोकरीभर फक्त निरपराध माणसांच्या तोंडून ऐकलं. मुरलेला गुन्हेगार आधी वकिलाला फोन करतो.

मी त्यांना समजावून सांगितलं. डॉक्टरची नोंदणी फक्त वैद्यकीय परिषद रद्द करू शकते, तीही नोटीस देऊन, बाजू ऐकून. भिंतीवरची फ्रेम उचलून नेली म्हणून ती जात नाही. पण त्या कागदातलं पहिलं अर्धं वाक्य घातक आहे. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही. स्वतःच्या सहीने दुसऱ्याच्या हाती दिलेली कबुली टिकू शकते. तिच्यावरून परिषद चौकशी लावू शकते, खटलाही उभा राहू शकतो. म्हणजे जे कोणी काढून घेऊ शकत नव्हतं ते बाईंनी देऊन टाकलं होतं, आणि जे केलंच नव्हतं ते कबूल केलं होतं.

“जाताना ते काय म्हणाले?”

“तेच मला कळलं नाही. म्हणाले, हा कागद आम्ही वर पाठवत नाही. तुम्ही दवाखाना चालू ठेवा, आम्ही पाठवू त्या माणसांना सांगू ती औषधं लिहून द्या. काल एक जण आला, झोपेच्या गोळ्यांची मोठी यादी घेऊन. मी परत पाठवला. नोंदणी सोडली आहे ना मी? मग लिहू कशी?”

मी खुर्चीतून उठलोच. सगळा डाव एका क्षणात दिसला. त्यांना बाईंची नोंदणी बंद करायची नव्हतीच. त्यांना हवी होती कागदाच्या धाकाखाली मुकाट चिठ्ठ्या लिहिणारी डॉक्टर. आणि गाठ पडली होती दिलेला शब्द अक्षरशः पाळणाऱ्या बाईशी!

औषध विभागाच्या कार्यालयाला फोन लावला. त्यांनी कोणालाही पाठवलं नव्हतं. मग वैद्यकीय परिषदेला लावला. नोंदणी कायम आहे, हे बाईंनी स्पीकरवर स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यांनी खण उघडून पॅड काढलं.

“आधी आबांची गोळी,” त्या म्हणाल्या, “मग तुमची फिर्याद.”

वाडीवर निरोप धाडला. फिर्याद नोंदवून घेतली आणि सापळा ठरवला. अडचण एकच होती.

“मला खोटं बोलता येत नाही हो,” बाई म्हणाल्या.

“बोलू नका. चिठ्ठ्यांबद्दल बोलायचंय, या, एवढंच सांगा.”

त्या दोघांनी देऊन ठेवलेल्या नंबरवर बाईंनी फोन केला. बाहेरच्या बाकावर आमच्या महिला शिपाई तोंडावर ओढणी घेऊन तापाच्या पेशंट झाल्या. एका हवालदारांच्या पायाला बाईंनी स्वतः बँडेज बांधलं, ते इतकं मन लावून की त्यांचा गुडघा वळेना. मी पडद्यामागे, हातात रेकॉर्डिंग चालू.

पांढरी गाडी आली. दोघे थेट आत शिरले.

“काय डॉक्टर, आली का अक्कल?”

“मी नोंदणी सोडल्याचा कागद तुमच्याकडे आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “मग मी लिहायचं कोणत्या अधिकारानं?”

“अहो, तो आमच्याकडे आहे म्हणूनच लिहायचं!”

“आणि नाही लिहिलं तर?”

“कागद वर जाईल आणि तुम्ही आत.”

एवढं पुरे होतं. मी पडदा सारला. एकाला मी तिथेच धरलं. दुसरा दाराकडे पळाला, तर दारात लोहगडवाडीचा आमचा तक्रारदार उभा. निरोप मिळताच धापा टाकत आला होता. शेवटचं वाक्य त्याने ऐकलं होतं.

“ह्यानं बंद केल्या व्हय गोळ्या?” असं म्हणत त्याने त्या माणसाच्या गळ्यातली ओळखपत्राची पट्टी पकडली. पट्टी तुटली. तो निसटणार तेवढ्यात बँडेजवाले हवालदार उठले आणि पाय न वळल्याने दारातच आडवे झाले. त्यांना ओलांडता ओलांडता तो पडला आणि महिला शिपायांनी त्याचा हात पिरगळला.

“बाई, पाय सोडवा आता!” हवालदार खालून ओरडले.

ठाण्यात दोघांना वेगवेगळं बसवलं. एक जण पर्यटकांना भाड्याने देतात त्या बंगल्यांचा मॅनेजर. तिथल्या पार्ट्यांना या गोळ्या जायच्या. दुसरा, दारात पडलेला, पूर्वी औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. कोणता डॉक्टर कशाला घाबरतो, हे त्याला पाठ होतं. “वकील आल्याशिवाय बोलणार नाही,” असं म्हणून तो गप्प बसला. त्याचा तो हक्कच होता. मी दरडावलं नाही. चहा मागवला आणि माझ्या सहकाऱ्याला, त्याला ऐकू जाईल असं म्हणालो, “इतका हुशार माणूस, पण एका साध्या बाईनं बनवला याला. एक चिठ्ठी मिळाली नाही बिचाऱ्याला.”

“बनवला? बाकीचे मुकाट लिहितायत!” तो उसळला आणि लगेच जीभ चावली.

कोर्टात त्या वाक्याचा उपयोग नव्हता. तपासाला मात्र दिशा मिळाली. गाडीच्या डिकीत, जादा चाकाखाली, बाईंच्या प्रमाणपत्रासोबत मावळातल्या आणखी काही डॉक्टरांचे तसेच सही केलेले कागद सापडले.

त्यातल्या पहिल्या डॉक्टरांच्या दारात गेलो. त्यांनी माझा गणवेश पाहिला आणि दोन्ही मनगटं पुढे केली. शिकलेला, गावात मान असलेला माणूस कित्येक आठवडे ही बेल वाजायची वाट पाहत होता. त्यांनी भीतीपोटी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. त्यांचा प्रश्न बाईंइतका सोपा नव्हता.

“हात खाली घ्या,” मी म्हणालो. “आधी तुमच्या वकिलांना बोलवा. मग आपण बोलू.”

माझ्या शिपायाने चमकून माझ्याकडे पाहिलं. पोलिसाने असं सांगायचं असतं का, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. सांगायचं असतं. अब्रूला जपणाऱ्या माणसाला तुरुंगापेक्षा चारचौघांतली चौकशी जास्त भिववते, आणि ती टाळायला तो हवी तिथे सही करतो. समोरचा खरा अधिकारी असो की तोतया, ‘आत्ताच सही करा’ असं म्हणाला की उद्या करतो म्हणण्याचा अधिकार आपल्याला असतो. हे मी कायद्याच्या पुस्तकात वाचलं होतं. खरं कळलं ते त्या पुढे केलेल्या मनगटांकडे पाहून.

काही महिन्यांनी कोर्टाच्या परवानगीने बाईंचं प्रमाणपत्र परत द्यायचं ठरलं. त्या ठाण्यात आल्या. हवालदारांनी ताबेपावती पुढे सरकवली आणि पेन दिलं. बाईंनी चष्मा लावला, पावती वाचली, उलटून मागची बाजूही वाचली आणि घडी करून पर्समध्ये टाकली.

“वकिलांना दाखवते. उद्या सही करीन.”

“अहो बाई, तुमचंच सर्टिफिकेट तुम्हाला परत देतोय!”

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या आणि दवाखान्याची वेळ झाली म्हणून निघाल्या.