रेंज नसतानाच्या नोंदी

चूक माझीच. लसीकरणाच्या नोंदींचा प्रोग्राम लिहिताना मी ठरवलं की नेटवर्क तुटलं की नोंद बंद; सगळ्या केंद्रांच्या याद्या जुळत्या राहाव्यात म्हणून. नेटवर्क नसतानाही वहीत लिहून लस देणाऱ्या नर्स शेवंताताईंना माझ्या तक्रारीवरून नोटीस गेली.

परवा त्यांच्या उपकेंद्रात बसलो होतो. रेंज नव्हती. ताई प्रत्येक बाळाच्या नावापुढे वेळ आणि गाव लिहीत होत्या.

मी विचारलं, "हेच बाळ दुसऱ्या केंद्राच्या यादीत निघालं तर?"

"खोडत नाही. रेंज आली की दोन्ही नोंदी शेजारी ठेवते, आईला विचारते. तोवर गोवर थांबतो का, साहेब?"

संपर्क तुटला तरी आपापलं खरं लिहीत राहावं, भेटल्यावर जुळवावं. माणसांना हे जमतं, तर यंत्रालाही शिकवता येईल.

आज तक्रार मागे घेतल्याचं पत्र मी त्यांच्या हाती दिलं. म्हणालो, "ताई, तुमचं बरोबर होतं. मला माफ करा."