रुईशी लागलेलं लग्न

आमच्या बांधाला बांध लागून लहानूआबांचा शेवंतीचा मळा आहे. मखमलाबादच्या अलीकडं. आबा बोलायच्या आधी घसा खाकरतात, आभाळाकडं बघतात आणि मग एवढंच म्हणतात, "बरं." गारा पडल्या तरी बरं, मोटार जळली तरी बरं.

त्यांच्या दोन बायका गेल्या. गोजराबाई काविळीनं, भिमाबाई पोटाच्या ऑपरेशनात. घरात बोलायला माणूस उरलं नाही, म्हणून पन्नाशी उलटल्यावर आबांनी सायखेड्याच्या बायडाबाईंना मागणी घातली. त्याही विधवा. मोबाइलवर दोघांचं छान जमलं. आबा चक्क मोठी वाक्यं बोलायला लागले. अडून बसला तो बाईंचा भाऊ, नवनाथ.

"तिसरी टिकत नसती, पाव्हणं. आधी रुईशी लगीन लावा. तिसरी ती, आमची बाई चौथी."

झालं. विहिरीजवळच्या रुईला हळदकुंकू, हिरवं खणाचं कापड, आबांना मुंडावळ्या. अक्षता पडल्या. भावकीतले बहिरूतात्या दातांच्या फटीतून शिट्टी वाजल्यासारखं बोलतात, तसं बोलले, "आता हिच्याकडं फिरकायचं नाय, लहानू. वाळू द्यायची. तुझ्यावरचं सगळं ती घिऊन जाईल. ती वाळली का बायडाबाईला आणायची."

दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या दीपकला चेव चढला. "काय आबा, काकू रुसल्या काय? लय गप गप असत्यात!"

"तुझ्या घरचीपरीस बरी. आवाज वेशीपर्यंत तर येत नाय."

पण गोष्ट थट्टेवर थांबली नाही. शनिवारी मारुतीच्या माळेला पानं तोडायला, गुडघा शेकायला एखादं पान न्यायला, काटा रुतला तर चिकाचा थेंब घ्यायला सगळे त्याच झाडाकडं यायचे. आता आबा हात लावू देईनात. "बांधाला दुसऱ्या काय कमी हायेत? तिकडची घ्या."

रुईला कधी कोणी पाणी घालत नाही. दगडात येते, उन्हात वाढते. मेमध्ये तिची पानं जरा मलूल झाली, तर आबांनी तिला आळं केलं. सकाळी शेवंतीच्या आधी तिला बादली. झाड असं माजलं की जांभळट फुलांचे झुबके लोंबायला लागले.

नवनाथ तारीख धरायला आला तो थेट विहिरीकडंच गेला. ओलं आळं बघितलं. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पाव्हणं, ही तर नांदायला लागली."

आबांनी घसा खाकरला. आभाळाकडं बघितलं. "भिमाला ऑपरेशनआधी पाणी देऊ नका म्हणले होते. ती मागत व्हती. म्या नाय दिलं." आळ्याकडं बघत म्हणाले, "तशीच गेली. आता हीबी तहानेली कशी मारू?"

"मंग कुदळ घ्या. आत्ता उपटा. सोयरीक पक्की."

आबांनी कुदळ आणली. पहिल्या घावात फांदी मोडली, पांढरा चीक ठिबकला. दुसरा घाव पडलाच नाही. कुदळ हातात धरून ते उभे राहिले. नवनाथनं वाट बघितली, बघितली आणि गाडीला किक मारली.

संध्याकाळी बायडाबाईंचा फोन आला. आबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर चालू; आमच्या बांधापर्यंत सगळं ऐकू येत होतं.

"मला रुईचं भ्या नव्हतं हो. मी तशीबी आले असते."

"मंग या ना."

"पण दादानं कुदळ घ्यायला लावली, तवा तुम्हाला माझ्यासाठी एक झाड काढवंना. ते कसं इसरू?"

"आत्ता काढतो. या फोनवरच काढतो."

"नका. आता काढली तर माझ्यापायी गेली, असं व्हायचं. ऱ्हाऊ द्या तिला." बाई मग म्हणाल्या, "जेवलात?"

"हो," आबा म्हणाले.

घरात अजून दिवासुद्धा लावलेला नव्हता.